मंडळीतला पेन्शनर

रविवारी उपासनेला अर्धा तास असताना येऊन दुसऱ्या बाकाची कडेची जागा धरणारा, भिंतीवरचे घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहणारा आणि पाळकसाहेब दोन मिनिटे उशिरा उभे राहिले तर मोठ्याने खाकरणारा गृहस्थ म्हणजे मंडळीतला पेन्शनर. नगर, सोलापूर, मिरज, जालना अशा जुन्या मिशनच्या गावांत तो हमखास आढळतो. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाण मांडले. मागोमाग शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, आणि पुढच्या पिढ्यांतल्या बऱ्याच हातांत खडू नाहीतर थर्मामीटर आला. म्हणून हा पेन्शनर बहुधा मास्तर, हेडक्लार्क किंवा लेखापाल असतो आणि त्याची पत्नी बहुधा नर्स.

त्याचा उगम निरोपसमारंभात होतो. सरकारी नोकरीत वयाची 58 वर्षे भरतात, शाल-श्रीफळ मिळते आणि पुढच्याच रविवारी तो साक्ष देतो की उरलेले आयुष्य प्रभूच्या सेवेला वाहिले आहे. मंडळी ‘आमेन’ म्हणते. पाळकसाहेबही म्हणतात, पण जरा हळू. आधीचे तीन पेन्शनर त्यांनी पाहिलेले असतात.

पहिले वर्ष वाचनाचे. पवित्र शास्त्रात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात सगळे उरकते. तो तक्ता आखतो आणि लाल शाईने खुणा करू लागतो. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय जानेवारीतच हातावेगळे होतात. लेवीय लागताच कामकाज मंदावते. घराच्या भिंतीवरच्या चट्ट्यांची याजकाने कशी तपासणी करावी हे वाचताना त्याला बांधकाम खाते आठवते, त्यावरून एक जुने बिल आठवते, आणि अध्याय राहून जातो. मार्चअखेर थकबाकी इतकी साचते की तो ती पुढील वर्षात ओढतो.

गणनाच्या आठव्या अध्यायात मात्र त्याला मोठा आधार सापडतो. लेव्यांनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी सेवेतून निवृत्त व्हावे, पुढे दर्शनमंडपात भाऊबंदांना मदत करावी, पण प्रत्यक्ष काम करू नये, असा तेथे नियम आहे. मदत करायची पण काम करायचे नाही, ही तरतूद त्याच्या पूर्ण परिचयाची असते. तेव्हापासून मंदिराची झाडलोट, नाताळच्या ताऱ्याची वायरिंग आणि गायकवृंदाचा शनिवारचा सराव या तिन्ही ठिकाणी तो हात मागे बांधून उभा राहतो.

घरी रात्री आठची कौटुंबिक प्रार्थना सुरू होते. कोणते स्तोत्र वाचायचे हे तो ठरवतो आणि त्यामागे धोरण असते. सुनेला कुकर लावायचा असेल त्या दिवशी 176 ओव्यांचे 119 वे निघते. भारताचा सामना असेल त्या दिवशी दोन ओव्यांचे 117 वे. प्रार्थना राष्ट्रपतींपासून सुरू होऊन जिल्हाधिकाऱ्यांमार्गे आजाऱ्यांपर्यंत उतरते. प्रत्येक आजाऱ्याचे नाव, वॉर्ड आणि खाट क्रमांक देवाला कळवला जातो, जणू वर नोंद नसावी.

दुसऱ्या वर्षी तो पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीला उभा राहतो. मोशे फारोपुढे गेला तेव्हा 80 वर्षांचा होता आणि कालेबाने 85 व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागून घेतला, हे तो मतदारांना सांगतो. निवडून येताच अर्पणाच्या थैलीतले पैसे दोघांनी मोजावेत आणि तिसऱ्याने सही करावी असा ठराव मांडतो. 1970 साली नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झाले. तरी त्याआधी, आजोबांच्या काळी, प्रभुभोजनाचे पेले कोणत्या क्रमाने फिरत, याची आठवण तो बैठकीत करून देतो आणि ती इतिवृत्तात घ्यायला लावतो.

त्याच्या कारकिर्दीचा कळस गुड फ्रायडेला गाठला जातो. दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकसाहेब विचारपूर्वक त्याला पाचवा, तहानेचा उद्गार देतात, कारण तो सर्वांत आटोपशीर. तो त्यावर 40 मिनिटे बोलतो. एप्रिलचे ऊन, बंद पडलेला पंखा आणि कडक उपवास यांमुळे त्या उद्गाराचा अर्थ शेवटी प्रत्येकाला आपापल्या घशात कळतो. सहावा वक्ता आपले भाषण दोन वाक्यांत संपवतो आणि लोक त्याला वर्षभर दुवा देतात.

पेन्शनरच्या पत्नीची तऱ्हा वेगळी. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, आपल्याला पटले तेव्हा. निवृत्त सिस्टरबाईही धर्माच्या बाबतीत नवऱ्याच्या वेळापत्रकाने चालत नाहीत. साक्ष देत नाहीत, तक्ता ठेवत नाहीत. भाकरी थापताना ‘उपासना संगीत’मधली पदे तोंडपाठ म्हणतात आणि संध्याकाळी रक्तदाब मोजायचे यंत्र पिशवीत घालून अंथरुणाला खिळलेल्यांकडे जातात. डोळे अधू झाल्यावर पिशवी धरायला नवऱ्याला बरोबर घेतात.

पेन्शनरची खरी सेवा येथून सुरू होते आणि त्याच्या ती लक्षात येत नाही. मोतीबिंदू झालेल्या एका म्हाताऱ्या शिपायाला तो स्तोत्र वाचून दाखवतो; म्हातारा पुन्हा वाचायला सांगतो, आणि तोच अध्याय आठवडाभर चालतो. लाल खूण करायची राहून जाते. कोणी प्रभूमध्ये निजले की मृत्यूचा दाखला, कबरस्तानातली जागा आणि पेटीचे माप याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. विधवेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज तो तीन प्रतींत भरतो, नावातली वेलांटी चुकल्यामुळे परत आला की पुन्हा भरतो, आणि कोषागारातल्या कारकुनाला त्याच्याच नियमावलीतला नियम वाचून दाखवतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी चार-पाच म्हाताऱ्यांना रिक्षात घालून बँकेत नेतो. विधवा-अनाथांचा समाचार घेणे हेच शुद्ध धर्माचरण, असे याकोबाच्या पत्रात आहे. तो अध्याय त्याने केव्हाच खूण करून संपवलेला असतो. ज्या टापटिपीने मंडळीला जेरीस आणले, तिच्यामुळेच चार घरांची चूल पेटती राहते. स्वभाव तोच, फक्त योग्य टेबलावर त्याची बदली झालेली असते.

पुढे गुडघे साथ सोडतात. तो उपासना मोबाइलवर पाहतो आणि संदेश किती मिनिटे चालला याची नोंद ठेवतो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजन घेऊन घरी येतात. ‘सलाम, पाळकसाहेब’ म्हणून तो उठायचा प्रयत्न करतो, भाकर आणि द्राक्षारस घेतो, बराच वेळ डोळे मिटून राहतो. मग उशीखालून दशांशाचे पाकीट काढतो. त्यावर तारीख, रक्कम आणि सही असते. पाळकसाहेब प्रार्थना करून निघतात, तेव्हा तो पावती मागतो.