जोडीने कामाच्या सुट्टीवर कसे जावे

प्रस्तुत मार्गदर्शन नेवासे तालुक्यातल्या घोडेगाव व पंचक्रोशीतल्या अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांना ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागात जाऊन काम करायचे आहे आणि त्या कामाला सुट्टी म्हणायचे आहे. दोन्ही एकदम जमते, असे तिथल्या सरकारचे म्हणणे आहे. लेखकाने स्वतः ऑस्ट्रेलिया पाहिलेला नाही. लेखकाचे फाट्यावर ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. सातबारा, पीकविमा, रेशनकार्डात सुनेचे नाव चढवणे, अशी कामे चालू असताना एक जोडपे 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाची चौकशी करत आले. नवरा बी.एस्सी. अ‍ॅग्री, बायको बी.कॉम. तेव्हापासून लेखक या विषयातला तज्ज्ञ आहे. तालुक्यात दुसरा नसल्यामुळे या दाव्याला अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

पायरी पहिली: घरी सांगणे

ही सगळ्यांत अवघड, म्हणून आधी. 'वर्किंग हॉलिडे'ला मराठीत शब्द नाही. 'कामाची सुट्टी' म्हटले की वडिलांना वाटते, पोराला कंपनीतून काढले. 'सुट्टीतले काम' म्हटले की आईला वाटते, दिवाळीची झाडलोट, आणि ती लगेच हातात केरसुणी देते. शेवटी मुलाने सरळ सांगितले: आम्ही दोघे जोडीने जाणार, परमुलखात राहणार, दुसऱ्याच्या रानात हंगामभर काम करणार, हंगाम सरला की चार ठिकाणे बघून माघारी येणार. यावर आजीने पानाचा डबा बंद केला आणि विचारले, "म्हंजी कोयत्याला निघाले व्हय?"

हा प्रश्न घरोघर येणार. उत्तर पाठ असावे. ठामपणे 'नाही' म्हणून फरक सांगायला घ्यावेत. कोयत्याची, म्हणजे ऊसतोडीची, माणसे दसऱ्यानंतर निघतात, आपण वर्षात कधीही निघू. ती कोपीत राहतात, आपण हॉस्टेलात राहू, एका खोलीत आठ जण. त्यांना मुकादम काम देतो, आपल्याला हॉस्टेलवाला काम बघून देतो. त्यांच्या डोक्यावर उसाची मोळी, आपल्या खांद्यावर केळीचा घड. फरक सांगता सांगता आवाज खाली जाऊ लागला तर मध्येच पाणी मागावे.

पायरी दुसरी: सोडत

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २०२२ च्या डिसेंबरात लागू झाला आणि त्यातल्या कबुलीप्रमाणे दरवर्षी १००० भारतीयांना हा व्हिसा द्यायचे ठरले. वय १८ ते ३०. बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण हवे. नावे सोडतीने निघतात. सोडतीत नाव घालायचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. पासपोर्ट आणि पॅन कार्ड दोन्ही लागतात. आधार चालत नाही, हे ऐकून गिऱ्हाईक मनातून दुखावते; ज्या कागदावर आपण गॅसपासून गायीपर्यंत सगळे मिळवले, त्याला परदेशात कोणी विचारू नये!

पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडली. पंधरा दिवस होतात न होतात तोच ४० हजारांच्या आसपास अर्ज गेले. म्हणजे चाळिसात एकाचा नंबर. आणि लक्षात घ्यावे, या सोडतीला जोडपे कळत नाही. नवऱ्याचा अर्ज वेगळा, बायकोचा वेगळा, नशीब वेगळे. दोघांचाही नंबर लागण्याची शक्यता सोळाशेत एक. एकाचाच लागला तर दुसऱ्याला 'अवलंबित' म्हणून नेता येत नाही. लेकरू असेल तर तेही नेता येत नाही; ते आजीकडे. (लेकरू आजीकडे ठेवून हंगामाला जाणे, ही पद्धत पाथर्डी आणि बीडकडच्या गावांना शिकवावी लागणार नाही.)

कोयत्याचे याच्या बरोबर उलट आहे. तिथे एकट्या माणसाला किंमत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा आला तर अर्धा कोयता. उचल पूर्ण कोयत्याला पूर्ण, अर्ध्याला अर्धी. अर्ध्याचा पूर्ण व्हावा म्हणून दसऱ्याच्या आत लग्ने उरकतात आणि त्या घाईत मुलीचे वय बघायचे राहून जाते. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीत लग्नाला मार्क नाहीत. कोयत्याला लग्न हीच डिग्री.

पायरी तिसरी, चौथी आणि पाचवी

या एकदमच उरकाव्यात. इंग्रजीची परीक्षा: फार फर्डे लागत नाही, कामापुरते चालते. व्हिसाचा अर्ज: सोडतीत नंबर लागल्यावरच भरायचा, त्याची फी वेगळी आणि डोळे पांढरे करणारी. तब्येत: सांगितली तर तपासणी करून घ्यायची.

तब्येतीवरून आठवले. कोयत्याला जाण्याआधी काही बायका जी तयारी करतात तिला तपासणी म्हणत नाहीत. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली; त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत, दुखण्यात दिवस मोडला तर खाडा पडतो, आणि खाडा परवडत नाही. हा परिच्छेद मार्गदर्शनात कसा घुसला ते लेखकाला नीट सांगता येणार नाही. पुढे चलावे.

पायरी सहावी: पैसे दाखवणे

प्रत्येकाच्या खात्यावर सुमारे ५००० डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास रुपये, आणि परतीच्या तिकिटाची सोय दाखवावी लागते. दोघांचे वेगवेगळे. आपल्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात दोन-तीन चांगल्या दुभत्या म्हशी विकल्या तर एकाचे भागेल. दुसऱ्याचे भागायला गोठा रिकामा करावा लागेल. घाबरू नये, हे पैसे द्यायचे नसतात, नुसते दाखवायचे असतात. बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव करतो, तिथे रुमाल बाजूला करून बोटे दाखवायची, एवढाच फरक.

कोयत्याला काही दाखवावे लागत नाही. उलट मुकादमच पावसाळ्यात घरी येऊन पैसे देऊन जातो. त्याला उचल म्हणतात. ही सोय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला फार आवडते. उचल उसाने फेडायची असते. हंगामात नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर, आणि पुढच्या हंगामाचा मुकादम त्यामुळे आधीच ठरलेला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करू देत नाहीत. कोयत्यावर सोडू देत नाहीत. सुट्टी म्हणायचे कशाला, हे वाचकाने आपापल्या घरी ठरवावे.

पायरी सातवी: गाव निवडणे

नकाशाला विषुववृत्तावर घडी घालावी आणि घडी बरीच पूर्वेला सरकवावी. आपले नेवासे वर साडेएकोणीस अंशांवर आहे. खाली साडेएकोणीसवर क्वीन्सलँडमधले एअर नावाचे गाव सापडते. शेजारून बर्डेकिन नदी वाहते, वर धरण आहे, आणि पाटाच्या पाण्यावर नजर पोचेपर्यंत ऊस. म्हणजे मुळा धरणाचा पाट, सोनईचा आणि भेंड्याचा कारखाना धरून आख्खा नेवासा तालुका कोणी उचलून आरशापुढे ठेवला आहे. आपले गळीत दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडतो. त्यांचे जूनमध्ये सुरू होऊन वर्षअखेरीला संपते. लेखकाच्या डोक्यात लगेच आले की एखादी कष्टाळू जोडी बारा महिने ऊस तोडू शकेल. असले विचार सुट्टीत करू नयेत, आणि केले तरी उपयोग नाही, कारण तिथे ऊस माणूस तोडतच नाही.

तोडत होता. १८६३ पासून १९०४ पर्यंत प्रशांत महासागरातल्या बेटांवरून सुमारे ६२ हजार करारांवर माणसे आणली. कित्येकांना फसवून, काहींना सरळ पळवून. १९०१ मध्ये कायदा करून त्यांतल्या बहुतेकांना परत धाडायचे ठरवले. त्यांच्यामागून इटलीहून आलेल्यांनी आणि इतरांनी कोयते हातात घेतले. त्यांची मजुरी वाढली तशी मालकांना यंत्राची आठवण झाली. बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंनी तोडणीची यंत्रे बनवली आणि १९७० च्या दशकाअखेरीस तिथल्या फडात हाताने तोडणारा उरला नाही. 'ऑस्टॉफ्ट' हे नाव आता आपल्याकडच्या फडातही वाचायला मिळते. यंत्र सरीत शिरले की त्यावरच्या पाट्या वाचत बांधावर उभे राहणाऱ्यांत लेखकही असतो. मजूर महाग झाला की यंत्र येते, असे पुस्तकात लिहिले आहे. आपल्याकडे यंत्र महाग असल्याने मजूर आहे.

तेव्हा जोडप्याने उसाचा नाद सोडून उत्तरेला केळीच्या पट्ट्यात जावे: टली, इनिसफेल. ऑस्ट्रेलियातली बहुतेक केळी या भागातून जातात. पुरुषाने चाळीस-पन्नास किलोचा घड खांद्यावर झेलायचा, बाईने शेडमध्ये फण्या करून खोकी भरायची. टलीत गमबुटाचा ७.९ मीटर उंच पुतळा आहे. १९५० मध्ये तिथे तेवढाच, म्हणजे जवळजवळ आठ मीटर, पाऊस पडला होता, त्याची आठवण. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी आपण घोडेश्वरीला नारळ फोडतो. पुतळा आपल्याकडे उभारायचा झाला तर टँकरचा उभारावा लागेल.

बाकी सूचना किरकोळ आहेत. नदीकाठी मगरीची पाटी दिसली तर ती खरी मानावी. नोव्हेंबर ते मेपर्यंत समुद्रात विषारी जेलीफिश असतात म्हणून किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात; त्या चायनीजच्या गाडीसाठी नाहीत. शनी शिंगणापूर पाच-सहा किलोमीटरवर असल्याने दाराला कुलूप लावायची सवय कमी असेल, तर हॉस्टेलात जाण्यापूर्वी ती लावून घ्यावी.

पायरी आठवी: मजुरी

इथे आकडे देणे भाग आहे. जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात किमान मजुरी तासाला २४.९५ डॉलर झाली. हंगामी मजुराला पगारी रजा नसते, म्हणून त्यावर आणखी पंचवीस टक्के. पूर्वी फळतोडणीत नगावर पैसे देऊन तासाचा हिशेब बुडवत. एप्रिल २०२२ पासून नगावर काम दिले तरी तासाची किमान मजुरी पडलीच पाहिजे, असा नियम झाला. नियम मोडणारे मालक तिथेही भेटतात, त्यामुळे तास वहीत लिहून ठेवावेत.

आपल्याकडे जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. जोडीने पहाटे चारला फड गाठून दिवसभरात दोन टन पाडला, तर सातशे-साडेसातशे रुपये, दोघांत मिळून. येथे वाचकाने तासाचा हिशेब करू नये. लेखकाने केला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केले.

पायरी नववी

ही पायरी मूळ आराखड्यात नव्हती. कार्तिकातली रात्र होती. जोडप्याचा फॉर्म पडद्यावर उघडा होता, साइट फिरत बसली होती. समोर हॉटेलापाशी ट्रॅक्टर थांबला. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत बोचकी, पत्रे, बांबू, कोंबड्यांची डालकी, लेकरे. सोनईकडे निघालेली टोळी. पन्नाशीची एक बाई आधारची झेरॉक्स मागायला आत आली. कारखान्यावर लागते म्हणाली. मशीन तापेपर्यंत उभी राहिली आणि पडद्याकडे बघत विचारले, "कशाचा फारम भरता, भाऊ?"

लेखकाने सांगितले. जोडीने जायचं, हंगामभर रानात काम, विमानाने.

"मुकादम कोण हे?"

"मुकादम नाही, मावशी. सोडत असते."

"आन् उचल?"

"उचल नाही. उलट आपल्यालाच पैसे दाखवावे लागतात."

तिने लेखकाकडे असे पाहिले, की हा माणूस झेरॉक्सचे पैसे तरी बरोबर घेईल ना. मग म्हणाली, "पैसं कुणाच्या नावावर येत्यात? मालकाच्या का?" मालक म्हणजे तिचा नवरा, तो बाहेर चाकात हवा बघत होता.

"ज्याचे त्याच्या खात्यावर. बाईचे बाईच्या."

"इगळे?"

"वेगळे. टॅक्सचा नंबरसुद्धा दोघांना वेगळा."

हे तिने मनात ठेवून घेतले. मी तेवीस हंगाम केले, पण हिशोब मला कोणी सांगितला नाही, मोळ्या मीच मोजायची, असे काहीतरी ती पुटपुटली. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. कागद तिच्या हातात दिला, दोन रुपये घेतले. दारात गेली आणि वळली.

"तिकडं खाडा झाला तर किती कापत्यात?"

लेखकाने फॉर्म वर-खाली करून पाहिला. त्यात हे नव्हते. मग जे माहीत होते ते सांगितले. "त्या दिवसाची मजुरी मिळत नाही, एवढंच. वरून काही कापत नाहीत."

"वरून काईच नाई?"

"नाही."

"मंग बराबर हे," ती म्हणाली, "सुट्टीच म्हणायची त्याला." आणि कागद कमरेला खोचून ट्रॉलीकडे गेली. वरून कोणीतरी हात दिला. साइट अजून फिरतच होती.