विषय सोडून बोला

अलाबामा विद्यापीठात ऑगस्ट महिन्यात, वर्ग सुरू व्हायच्या आधी, सुमारे अडीच हजार मुली नटूनथटून भर उन्हात घरोघर हिंडतात. याला म्हणतात 'रश'. कागदोपत्री नाव 'रिक्रूटमेंट', पण तो शब्द फक्त फी भरताना वापरतात. सोरॉरिटी नावाच्या, ग्रीक अक्षरं मिरवणाऱ्या मुलींच्या मंडळांत शिरण्यासाठी ही सगळी पायपीट. टस्कलूसा गावातली या मंडळांची घरं अशी खांबाखांबांची, की आमची डोंबिवलीची अख्खी सोसायटी एकात मावावी आणि तरी पार्किंगवरून भांडण होऊ नये.

2021 साली या मुलींनी 'आज मी काय घातलंय' असे व्हिडिओ टिकटॉकवर टाकले आणि ते जगभर गाजले. आपल्याकडे टिकटॉक 2020 सालीच बंद झालं, म्हणून मी कोरी राहिले होते. पण माझा भाऊ अलाबामातल्याच हंट्सविलला असतो, मी त्याच्याकडे राहायला गेले होते आणि भाचीने यंदा रशमध्ये उतरायचं ठरवलं.

"अगं आत्या, तुमच्या कांदेपोह्यांसारखंच असतं," ती म्हणाली.

"पोहे कोण करतं?"

"पोहे नसतात. पाणी देतात."

इथेच माझं मत निम्मं खाली आलं. पण खरी मेख पुढे होती. पाच विषय वर्ज्य: मुलगे, मद्य, मतदान, देवधर्म आणि पैसा. नियम तोंडी, पण पाळतात सगळ्या. आता तुम्हीच सांगा, एवढं वगळल्यावर मराठी माणसाने तोंड उघडायचं ते फक्त जांभई द्यायला?

सराव म्हणून मी मंडळाची ताई झाले आणि भाचीला समोर बसवलं. "बाबा काय करतात?" मी विचारलं.

"ताई, पैसा!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली.

"बरं. यंदा तुमच्याकडे कोण येणार निवडून?"

"मतदान!"

"नवरात्राचे उपवास करतेस का गं?"

"देवधर्म!"

"मग लग्नाचं काय ठरवलंयस?"

"आत्या!" हे भाची.

मग भूमिका बदलल्या. भाचीने माझ्या कुड्यांकडे पाहून डोळे मोठे केले. कुठे केल्या, कुणी दिल्या, आई कशी होती, गाव कुठलं, गावी आंबे कधी येतात... वीस मिनिटं मी बोलत होते. इतकं मन लावून माझं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. डोळे पुसले तेव्हा ती म्हणाली, "बघ, असं करायचं असतं." फीचा आकडा ऐकल्यापासून भाऊ गप्पच होता, तोही मान डोलावू लागला.

बाकी यंत्रणा कडक आहे. प्रत्येक फेरीनंतर मुली घरांना पसंतीक्रम देतात आणि घरं मुलींना. मग कॉम्प्युटर दोन्ही याद्या जुळवतो. सकाळी हातात आलेल्या यादीतून एखादं घर गळालेलं असतं. का, ते कुणी सांगत नाही. आपल्याकडे निदान पत्रिकेवर ढकलायची सोय होती. मुली रडतात, काजळ नीट करतात आणि उरलेल्या घरांकडे निघतात. नकार पचवून अर्ध्या तासात पुन्हा हसत उभं राहणं मला ऐन चाळिशीतही जमलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

या कौतुकाला एक गालबोट आहे आणि ते लहान नाही. 2013 साली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने, 'क्रिमसन व्हाइट'ने, हुशार कृष्णवर्णीय मुलींना केवळ वर्णामुळे डावललं गेल्याचं छापलं. त्यात मंडळांच्या जुन्या सभासद बायकांचा हात असल्याचं आतल्या मुलींनीच सांगितलं. बोभाटा झाल्यावर दारं उघडली. म्हणजे देवधर्मावर बोलायचं नाही आणि रंगावर बोलायचं नाही, पण ठरवायचं मात्र रंगावरूनच, अशी ती सभ्यता होती.

शेवटच्या दिवशी स्टेडियममध्ये लिफाफे फुटतात आणि मुली किंचाळत आपापल्या घराकडे धावत सुटतात. भाचीला पहिल्या पसंतीचं घर मिळालं नाही. दोन दिवस ती फोनवर हुंदके देत होती, तिसऱ्या दिवशी फोन उचलायला तिला वेळ नव्हता.

गणपतीत ती हंट्सविलला आली. आरती आटोपताच एका काकूंनी तिला कोपऱ्यात गाठलंच. "मग, यंदा मार्क किती? आणि कुणी आहे का गं तिकडे?"

"काकू," भाची डोळे मोठे करून म्हणाली, "ही पैठणी कुठली?"

प्रसाद संपला तरी काकू येवल्यातच होत्या.