गळाला लागलेल्या प्रेक्षकासाठी सूचना

अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो छत्रपती संभाजीनगर शहरात. नावावर विसंबून बॅगेसकट वेरूळला उतरू नये. मात्र महोत्सवाच्या यादीत एखादा भयंकर कोरियन कलात्मक सिनेमा दिसला, आणि बघायचाच असं मनात आलं, तर वेरूळ टाळूही नये. विधी पुढीलप्रमाणे.

१. सराव

आदल्या दिवशी लेण्यांत जावे. मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात. एकूण ३४ लेणी आहेत, पण कैलासापुढे फोटोसाठी न रेंगाळता १५ नंबर, म्हणजे दशावतार, गाठावे. वरच्या मजल्यावर डाव्या भिंतीशी उभे राहावे. शिवाने अंधकासुराला त्रिशुळावर घेतलंय. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा अंधक उभा राहतो, म्हणून खाली वाडगा धरलाय. शेजारी काली: नुसती हाडं, खोल गेलेले डोळे, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा वाडगा. पाच मिनिटं बघावे. हात मोबाइलकडे गेला तर सराव कच्चा समजावा.

मग उजव्या भिंतीवरचा नरसिंह. हिरण्यकशिपूच्या हातात ढाल-तलवार आहे, नरसिंहाने त्याच्या खांद्यावर हात टाकलाय. पोट अजून शाबूत आहे. शिल्पकार इथे थांबला. उद्याचा दिग्दर्शक इथून सुरुवात करणार आहे, याची नोंद घ्यावी.

२. सोबती

'कोरियन' म्हटलं की भाचीला छत्री, पहिला पाऊस आणि नूडल्सचा वाडगा आठवतो. तिला खरं सांगावे. न सांगता नेल्यास पुढची दिवाळी अबोल्यात जाते. बायकोला नेल्यास ती डोळे मिटून विचारेल, "अहो, झालं का?" खरोखर झाल्याशिवाय 'झालं' म्हणू नये. या एका शब्दावर संसार मोडकळीला येऊ शकतो.

३. आहार

आदल्या रात्री नान-खलिया वर्ज्य. शहराची शान असली तरी रस्सा लाल असतो. पार्क चान-वूकचा 'ओल्डबॉय' (२००३) असेल तर उपवासच बरा. त्यात नायक जिवंत ऑक्टोपस खातो, आणि तो खरा होता. नट चोई मिन-सिक बौद्ध. प्रत्येक वेळी त्याने आधी प्रार्थना केली आणि मग घास घेतला. आपण काहीच न खाता नुसती प्रार्थना करावी.

४. आसन व दृष्टी

खुर्ची कडेची धरावी. महोत्सवातल्या सिनेमांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट असते, तेव्हा कात्री मदतीला येईल ही आशा नको. डोळ्यांवर बोटं धरणारे नवशिके. जाणते कान झाकतात, कारण निम्मं काम आवाज करतो. तळाशी येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचतोय असं भासवून नजर खाली ठेवणं, ही जुन्या फिल्म सोसायटीवाल्यांची युक्ती. पण किम की-दुकने 'मोबियस' (२०१३) काढला तो एकाही संवादाशिवाय. पळवाट बुजवली.

त्याच किमचा 'द आइल' (२०००): धुक्यातलं तळं, पाण्यावर तरंगणारी रंगीत खोपटी, मुकी नायिका. पाहताना वाटतं, इथे चार दिवस राहायला यावं. तेवढ्यात मासे धरायचे गळ निघतात, आणि ते माशांसाठी नसतात. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वेळी प्रेक्षकांना घेरी आल्याच्या बातम्या होत्या. त्याच व्हेनिसने २०१२ साली त्याच्या 'पिएता'ला सुवर्णसिंह दिला. घेरी आणि बक्षीस यांत बारा वर्षांचं अंतर पडलं. आपण धीर सोडू नये.

५. चर्चा

बाहेर चहाच्या टपरीवर कोणी "कसा वाटला?" विचारल्यास "त्यातली शांतता बघा" एवढंच म्हणावे. अर्धा वेळ डोळे बंद होते हे कळत नाही, आणि विधान खोटंही ठरत नाही. "असलं दाखवायची गरज काय?" हा प्रश्न मात्र विचारू नये. विचारावासा वाटलाच तर पुढच्या कलमाकडे जावे.

६. उतारा

दुसऱ्या दिवशी पुन्हा १५ नंबर. तीच भिंत, तोच त्रिशूळ. शाळेची सहल आलेली असेल, पोरं चिवड्याच्या पुड्या सांभाळत सापळ्याकडे बोट दाखवून खिदळत असतील, आणि गुरुजींना त्यात काही वावगं वाटणार नाही. आता शिव सोडून, अंधक सोडून, खालच्या कालीकडे नीट बघावे. मान वर, तोंड उघडं, नजर थेंबावर, हातात वाडगा.

काल रात्री आपणही असेच बसलो होतो. वाडग्यात पॉपकॉर्न होतं, एवढाच फरक.