जालन्याचं स्थळ

"वहिनी, जालन्याचं स्थळ आम्ही सोडू लागलो," मावशींनी भिंतीवर कोपर टेकवलं. सिडकोतली आमची दोन रो-हाऊस आणि मधे ही छातीएवढी भिंत. नळाला पाणी यायच्या दिवशी दोघी तिथंच असतो; पाणी किती वाजता येईल ते नळालाच ठाऊक.

"कामून? पोरगी तर शिकलेली, नोकरीवाली."

"पोरगी गुणाची आहे हो. पण फोटोत भलतीच आडवी दिसती. आमच्या ह्यांनी कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला ना!"

स्थळ म्हटलं की आधी मुलीची रुंदी मोजणाऱ्यांचा मला राग येतो, मग त्या आमच्या मावशी का असेनात. पण 'कॉम्प्युटरवर' ऐकून कान टवकारले. "मोबाइलवर कशी दिसती?"

"तेवढ्याशा फोटोत काय दिसणार? आणि कॉम्प्युटरचं तर विचारूच नका. विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला म्हणून भाच्यानं दिवाळीत फॉरमॅट मारून इलेव्हन टाकलं. तेव्हापासून अक्षरं ही एवढाली जाड, आणि खालचं ओकेचं बटण पडद्याच्या बाहेर. दुकानदार म्हणतो मॉनिटर गेला, नवा घ्या."

न बघता 'मॉनिटर गेला' म्हणणारा माणूस हुशार असतो, पण आपल्या बाजूचा नसतो. मॉनिटर जातो तेव्हा अंधार होतो, नाहीतर पट्टे येतात. नुसती अक्षरं फुगत नाहीत.

"काका आहेत ना आत? खिडकी उघडा त्यांची." आणि मी इकडूनच ओरडले, "काका, रिकाम्या जागी राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. रिझोल्यूशन किती लिहिलंय?"

"1024 बाय 768!" आतून आवाज. "बदलताच येईना, फिकं पडलंय."

"आता स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली काय दिसतंय?"

"मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर."

सापडला चोर. "मावशी, तुमचा मॉनिटर 1920 बाय 1080 चा. फॉरमॅटमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुसला गेला. विंडोज तो नेटवरून आपसूक आणतं, पण तुमच्याकडं वायफाय कुठाय? मग ते कामचलाऊ ड्रायव्हरवर भागवतंय. 1024 बाय 768 म्हणजे चारास तीन, जुन्या टीव्हीसारखं. तुमचा पडदा सोळास नऊ. ते चित्र ताणून एवढ्या रुंदीत बसवलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशानं रुंद होते. पोरगीसुद्धा."

मावशींनी तोंडावर पदर धरला. "आणि मी तर गल्लीत..."

ते मला कालच कळलं होतं, पलीकडच्या गल्लीतून.

काकांचा फोन वायरीनं जोडायला लावून यूएसबी टेदरिंग चालू केलं, विंडोज अपडेटमधल्या ऑप्शनल अपडेट्समध्ये इंटेलचा ड्रायव्हर निघाला. तो उतरेपर्यंत मावशींनी विचारलं, "केबल बदलायची का? निळ्या टोकाची आहे, जुनी."

"तिची खोडी वेगळी. ती व्हीजीए, आयबीएमनं 1987 ला आणलेली, 15 पिनांची. त्यातल्याच दोन पिनांवरून मॉनिटर कॉम्प्युटरला सांगतो की मी अमुक, मला एवढं झेपतं. त्यातली एक वाकली की ड्रायव्हर असूनही बरोबर आकडा यादीत येत नाही. आधी काढून पिना बघायच्या, मग पैसे खर्चायचे."

पडदा एकदा काळा होऊन परत उजळला. रिस्टार्ट झालं, आणि 1920 बाय 1080 पुढं 'रेकमेंडेड' असं आलं. लगेच काकांची तक्रार, "आता अक्षरं मुंगीएवढी झाली! मी परत कमी करतो."

"अहो, हात लावू नका! रिझोल्यूशन तसंच राहू द्या, त्याच्या वरचं स्केल दीडशे टक्के करा. अक्षरं मोठी होतील, पण फाकणार नाहीत."

मावशी आत जाऊन पोरीचा फोटो बघून आल्या. "अगं बाई, किती नाकेली आहे! आत्ताच फोन लावते त्यांना."

"थांब!" काका खिडकीतून ओरडले. चेहरा उतरलेला. "आपल्या पोराचा फोटोही मला असाच आडवा दिसला होता. म्हटलं, पोरगा वाळूजच्या कंपनीत कॅन्टीनचं खाऊन सुटला. म्हणून पेंटमध्ये आडवं पंचाहत्तर टक्के केलं आणि तोच फोटो फोनमध्ये घेऊन त्यांना पाठवला."

मी मनात हिशेब केला. पंचाहत्तर टक्के म्हणजे काकांनी अंदाजानं अगदी नेमका उतारा दिला होता, फक्त तो लागू होता त्यांच्याच पडद्याला. जालन्यात पोरगा खऱ्याहून पाव भागानं बारीक पोचला.

"म्हणूनच!" मावशींनी कपाळाला हात लावला. "पोरीची आई परवा विचारत होती, मुलाला एवढ्यात काही मोठं दुखणं येऊन गेलं का."