भूप, भाता आणि तीन शिट्ट्या

आपापली स्वप्नं शोधा म्हणून सांगणाऱ्या वक्त्यांचं मला नवल वाटतं. ही मंडळी आधी नोकरी सोडतात, मग हिमालयात जातात आणि तिथे त्यांना आपण कोण ते कळतं. डोंबिवलीत राहून, लोकलमध्ये गवार मोडता मोडता ज्यांना हे कळून घ्यायचंय, त्यांच्यासाठी कुणी भाषण देत नाही.

माझं स्वप्न माळ्यावर होतं. पितळी पातेल्यांच्या मागे, चादरीत गुंडाळलेलं. लग्नात माहेरहून पेटी आली, शिकणं मात्र माहेरीच राहिलं. कुणी अडवलं म्हणाल, तर कुणीच नाही. हीच खरी पंचाईत. दोष द्यायला घरात एक माणूस असता तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली तेव्हा आधी भात्यातून झुरळांचं एक अख्खं गोत्र बाहेर आलं. मग तो आदराने म्हणाला, ‘‘बाई, सूर जर्मन आहेत. एकदम नव्यासारखे. वापरलेच नाहीत ना!’’ यावर आनंद मानायचा की रडायचं, ते ठरेना म्हणून मी पैसे दिले.

क्लासला माझ्या वर्गातले सगळे दुसरी-तिसरीतले. त्यातली एक दोन वेण्यांची मुलगी माझ्यावर लक्ष ठेवून असते. मी पट्ट्यांवर बोटं जुळवण्यात इतकी गुंतते की डावा हात भात्यावर नुसता विसावतो आणि पेटी मुकी होते. लगेच शेजारून हुकूम येतो, ‘‘आजी, भाता!’’ ऑफिसात माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत. इतक्या स्पष्ट सूचना मी त्यांना कधी दिलेल्या नाहीत.

सध्या भूप चालू आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. सातातले दोन स्वर आधीच माफ करणाऱ्या रागाबद्दल मला कृतज्ञता आहे. रियाजाची वेळ म्हणजे कुकर लावल्यापासून तीन शिट्ट्या होईपर्यंत. तेवढ्यात तीनतालाची सोळा मात्रांची बरीच आवर्तनं होतात. शिट्टी समेवर पडली की मी स्वतःलाच दाद देते. बहुतेकदा ती तेराव्या मात्रेला येते आणि मी दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. डाळ मात्र हल्ली छान शिजते.

ह्यांनी कुठूनतरी माहिती काढली, की 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला 1971 उजाडलं. ‘‘आपल्याकडे अशी सोय नाही का?’’ हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना पलुस्कर ऐकवले. विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं सामान्य घरांत पोचावं म्हणून. आमच्याइतकं सामान्य घर त्यांना तरी कुठे मिळालं असतं?

‘‘एवढं शिकून पुढे काय?’’ असं जाऊबाई विचारतात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. दर वर्षी एक धरली तरी तोवर माझी पेन्शन सुरू होऊन जुनी झालेली असेल. पुढे काही नाही. मला मैफल गाजवायची नाही, रील करायचं नाही, की ‘पन्नाशीनंतरची भरारी’ म्हणून पुरवणीत फोटोही नको. एक भूप न अडखळता वाजवायचा आहे. तो वाईट वाजला तरी माझा असतो, आणि दिवसभरात माझं म्हणावं असं दुसरं फारसं काही नसतं. बाकी सगळं घरच्यांचं, साहेबांचं किंवा रेल्वेचं.

पुढच्या सत्रात प्रारंभिकला बसतेय. क्लासच्या फॉर्मवर पालकांच्या सहीसाठी रेघ होती. लेकीने सही केली आणि पेनाचं टोपण लावत विचारलं, ‘‘आई, अभ्यास झालाय ना?’’