भुवयांचे झटपट गुरुकुल

मायक्रोब्लेडिंग म्हणजे बारीक सुयांची पाती हातात धरून भुवईच्या जागी केसासारखे चरे ओढणे आणि त्यांत रंग भरणे. हा कायमचा मेकअप साधारण एक ते तीन वर्षे टिकतो आणि महिना-दीड महिन्यातच टचअप मागतो.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याला कातडीत रंग भरण्याचे नावीन्य नाही. पाथर्डी तालुक्यातील मढीला होळी ते पाडवा कानिफनाथांची यात्रा भरते. तिथे गाढवांच्या बाजाराचा गाजावाजा फार. पण अशाच यात्रा-जत्रांतून गोंदणाऱ्या बायांनी कित्येक पिढ्यांच्या हातांवर तुळस आणि हनुवटीवर टिंब उमटवले. त्या लहानपणापासून आईशेजारी बसून शिकत. एकच सुई साऱ्या आळीला फिरे, हे मात्र कौतुकाने सांगण्यासारखे नाही. आजच्या पार्लरात पाती एकदाच वापरायची असते. ‘असते’ आणि ‘वापरतात’ यांमधले अंतर ज्याचे त्याने मोजावे.

पूर्वी जे शिकायला बालपण जाई, ते आता शनिवार-रविवारी उरकते. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीला पुरे एक वर्ष लागते. खासगी अकादमीला एवढा वेळ कुठला! पहिल्या दिवशी शाईत बुडवलेला दोरा आणि कंपासासारखे माप घेऊन कपाळाची मोजणी होते. भूमी अभिलेखवाले शेताची मोजणी इतक्या निष्ठेने करतील, तर बांधावरची निम्मी भांडणे मिटतील. मग लेटेक्सच्या नकली कातडीवर सराव. लेटेक्सला रक्त येत नाही, घाम येत नाही आणि ते ‘आई गं’ म्हणत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आत्मविश्वास येतो.

खरी परीक्षा खोलीची. रंग वरच्या थरातच राहिला तर कातडीबरोबर महिनाभरात गळून जातो. फार खोल गेला तर पसरतो आणि भुवई निळसर-करडी दिसू लागते. या दोन चुकांमधली जागा मिलिमीटरच्या अंशांत मोजायची आणि ती हातालाच कळावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी हा हात माणसावर चालतो. मॉडेल विद्यार्थिनीनेच आणायची असते. जाऊ, मावसबहीण, समोरच्या फ्लॅटमधली मैत्रीण, कोणीही चालते. सासूला सहसा कोणी आणत नाही. तेवढी समज अभ्यासक्रमाच्या आधीपासूनच असते.

संध्याकाळी प्रमाणपत्र, फेटा आणि फोटो. भिंतीवर ‘शासनमान्य’ अशी पाटी असते. तिच्यामागे बहुधा उद्यम नोंदणीचा कागद निघतो. ही नोंदणी ऑनलाइन, मोफत आणि स्वतःच्याच घोषणेवर होते. भुवई काढता येते की नाही, हे त्यात कोणी विचारत नाही.

धंद्याचे गणित यापुढे सुरू होते. गिऱ्हाइकाला भुवया दोनच, आणि त्याही वर्ष-दोन वर्षांनी रंगवायच्या. विद्यार्थिनी मात्र फी आगाऊ भरते आणि रंग उडाला म्हणून परत येत नाही. त्यामुळे नव्या कलाकाराला लवकरच ज्ञानदानाची ओढ लागते. नगरच्या सावेडीत शिकलेली संगमनेरला अकादमी काढते, तिची शिष्या श्रीरामपूरला, आणि तिसऱ्या पिढीत भुवया कमी, संचालिका जास्त अशी स्थिती येते. जिल्ह्याने सहकारी साखर कारखान्यांचे जाळे विणायला इतकी घाई केली नव्हती.

गर्भवती, आटोक्यात नसलेला मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आणि जखमेचा व्रण फुगण्याची प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींनी याच्या वाटेला जाऊ नये. हे संमतिपत्रात लिहिलेले असते. ते इंग्रजीत असते आणि सुन्न करणारे मलम लावून झाल्यावर पुढे येते. अस्वच्छ सुईतून हिपॅटायटिस जाऊ शकतो. बिघडलेला रंग लेसरने काढता येतो, पण लोहाचा अंश असलेला रंग लेसरखाली कधी कधी उलट काळवंडतो. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा दुकानांच्या पाट्या नव्याने रंगवता आल्या. कपाळाला ती सोय नाही.

भुवई करून घेणारीने पातीचे पाकीट आपल्यासमोर फोडायला लावावे आणि त्याच दिवसाचे नव्हे, वर्षापूर्वीच्या कामाचे आजचे फोटो मागावेत. शिकायला जाणारीने गुरूच्या भुवया पाहून भुलू नये. त्या दुसऱ्याच कोणी काढलेल्या असतात.