ओट्यावरचा एक पाय

बागबाजारात मराठी माणसानं घर भाड्यानं घ्यावं, ही इतिहासाची थट्टाच. १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीनं कलकत्तेकरांनी खंदक खणायला घेतला, तो इथूनच. बेत सात मैलांचा होता. तीन मैल झाला आणि काम थांबलं, कारण मराठे आलेच नाहीत. मराठा डिच लेन मात्र अजून आहे. आम्ही पोचलो तब्बल २८० वर्षं उशिरा, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. घरमालक दादू आम्हाला लाडानं ‘बर्गी’, म्हणजे मराठा लुटारू, म्हणतात.

आमची रेवा तिसरीत. २९ जून म्हणजे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचा जन्मदिवस, सांख्यिकी दिन. त्यांची संस्था तर इथून उत्तरेला, बरानगरात. म्हणून बाईंनी फर्मान काढलं : घराजवळचं काहीही आठवडाभर मोजा आणि स्तंभालेख काढा. मी म्हटलं, रसगुल्ले मोज. नवीनचंद्र दासांनी १८६८ साली रसगुल्ला केला तो बागबाजारातच.

“मोजेपर्यंत संपतात,” रेवा माझ्याकडे बघत म्हणाली.

तिनं निवडला दादूंचा ओटा. इथे त्याला रोक म्हणतात आणि सकाळी त्यावर जो भरतो तो अड्डा. रोज आठच्या ठोक्याला खिडकीतून माणसं मोजायची, वहीत ताळ्याच्या खुणा करायच्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. सोपं काम.

पहिल्याच सकाळी हाक आली. “बाबा, एक आजोबा सायकलवरच बसलेत. एक पाय रोकवर आहे. मोजू?”

“अर्धा धर,” मी पेपरातून.

खालून दादू बंगालीत गरजले. मथितार्थ असा, की बर्गी आल्या आल्या माणसं कापायला लागले!

हसू नका. अशाच काठावरच्या प्रश्नावरून १९४०च्या दशकात मोठमोठी माणसं भांडली आहेत. पिकाचा अंदाज काढायला शेतात लहानशी वर्तुळं आखायची आणि तेवढंच पीक कापायचं, ही महालनोबिसांची रीत. त्यावर दुसरे संख्याशास्त्रज्ञ, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे म्हणाले, तुकडा इतका लहान घेतला की कापणारा काठावरची रोपंही आत ओढतो आणि उतारा फुगतो. तुकडा मोठा घ्या. म्हणजे बंगाली-मराठी वाद इथेही होताच, फक्त खंदक न खणता. शिवाय काठावरचं रोप निदान गप्प असतं. सायकलवाले आजोबा अख्ख्या अड्ड्यात सगळ्यात जास्त बोलत होते.

शेवटी रेवानंच नियम केला : ज्याच्या हातात चहा, तो मोजायचा. मी दोन पदव्या घेतल्या आहेत. मला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बातमी फुटली. आठ वाजता जो तो मातीचं भांडं खिडकीकडे उंचावून दाखवू लागला. एका काकांनी तक्रार केली की आठ वाजता ते न्हाणीघरात होते, पण मनानं रोकवरच होते. तक्रार फेटाळण्यात आली. बुधवारी धो धो पाऊस; रोकवर दादू आणि गल्लीतला कुत्रा. दादूंचा आग्रह होता की कुत्रा रोजचा सभासद आहे. पण त्याच्याकडे चहा नव्हता. बुधवार : एक.

रविवारी २३ जण. कागदावर चौकटी २०. मी सुचवलं, एका चौकटीला दोन माणसं धर. रेवानं हिशेब केला, साडेअकरा चौकटी.

“पुन्हा अर्धा माणूस?” ती म्हणाली. खालून दादू खोकले.

मग तिनं वरून कागदाचा तुकडा डकवला. रविवारचा स्तंभ वहीच्या बाहेर डोकावत शाळेत गेला. बाईंनी शेरा दिला, ‘प्रमाण चुकले’. दादू अजून त्या शेऱ्याविरुद्ध अर्ज लिहिताहेत.

त्या २३ मध्ये एक मी आहे. माझ्या हातात चहा होता.